परदेशी सैन्याला मदत आणि मानवाधिकारांची अट: कायदा असूनही मदत थांबत का नाही?

विधी_विलेपार्ले

नमस्कार. मी मुंबईत विधी शाखेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. परदेशी सैन्याला दिल्या जाणाऱ्या मदतीवर मानवाधिकारांच्या कारणावरून विधिमंडळ कोणत्या मर्यादा घालू शकते, या विषयावर आमच्या अभ्यासमंडळात मला लवकरच मांडणी करायची आहे. या विषयावरचे बहुतेक वाङ्मय अमेरिकी कायद्याभोवती फिरते, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

अमेरिकेच्या 1961 च्या परकीय साहाय्य कायद्यात 502बी हे कलम 1974 मध्ये आले. मानवाधिकारांचे सातत्याने आणि गंभीर उल्लंघन करणाऱ्या सरकारला सुरक्षा साहाय्य देऊ नये, असे ते सांगते. सुरुवातीला त्याचे स्वरूप केवळ सूचनेचे होते, पुढील काही वर्षांत ते बंधनकारक झाले. त्यानंतर 1997 मध्ये व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या पुढाकाराने अर्थसंकल्पी विधेयकात एक तरतूद घालण्यात आली. संपूर्ण देशाऐवजी सैन्याच्या किंवा पोलिसांच्या विशिष्ट तुकडीचा विचार करणारी ही तरतूद आज 'लेही कायदा' म्हणून ओळखली जाते. तुकडीने गंभीर उल्लंघन केल्याची विश्वसनीय माहिती असेल तर त्या तुकडीला मदत नाही, इतके तिचे म्हणणे सरळ आहे.

दोन्ही तरतुदींची भाषा मला तरी पुरेशी कडक वाटते. असे असताना इजिप्तच्या सैन्याला दरवर्षी सुमारे 1.3 अब्ज डॉलरची मदत कशी मिळत राहते? दोष कायद्याच्या शब्दरचनेत आहे, की तो राबवणाऱ्यांच्या इच्छाशक्तीत? 'राजकीय इच्छाशक्ती नाही' एवढ्या उत्तरावर मांडणी उभी राहत नाही, म्हणून जाणकारांनी कायद्याच्या अंगाने मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काळाघोडा

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. मी उच्च न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे माझे उत्तर साहजिकच वकिलाच्या नजरेतून असेल. माझ्या मते दोष शब्दरचनेतच आहे, मात्र आपण ज्या शब्दांना कडक म्हणत आहात त्यांच्यात तो नाही. 'गंभीर उल्लंघन', 'विश्वसनीय माहिती' हे शब्द ठीकच आहेत. असा कोणताही कायदा वाचताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की, अधिकाऱ्याने काहीच केले नाही, फाइल टेबलावरून हललीच नाही, तर पैसा जातो की थांबतो?

यासाठी आपल्याकडे अनेकांना आठवत असलेले एक उदाहरण घेतो. 1985 ची प्रेसलर दुरुस्ती पाकिस्तानच्या अण्वस्त्रांविषयी होती, मानवाधिकारांविषयी नव्हती. परंतु मसुदा म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहे. पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही, असे प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी द्यावे आणि ते दिले तरच मदत सुरू राहावी, अशी तिची रचना होती. ऑक्टोबर 1990 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते प्रमाणपत्र दिले नाही आणि मदत बंद झाली. बंदीचा वेगळा आदेश काढण्याची गरजच पडली नाही. पाकिस्तानने ज्यांचे पैसे भरले होते ती 28 एफ-16 विमाने पाकिस्तानला मिळाली नाहीत, आणि त्यांतील तयार झालेली विमाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. दोष कोणाचा, यावर तेव्हा कितीही वाद झाले असले, तरी त्या कायद्याने काम केले, कारण त्यात गप्प राहण्याचा परिणाम मदत थांबण्यात होत होता.

आता याच नजरेने 502बी वाचा. तिथे मदत थांबवण्यासाठी कोणीतरी पुढे येऊन 'हे मित्रराष्ट्र सातत्याने अत्याचार करते' असे म्हणावे लागते, आणि कोणतेही प्रशासन ते आपणहून म्हणत नाही. सत्तापालटाविषयीची तरतूदही तशीच आहे. निवडून आलेले सरकार लष्कराने उलथवले तर मदत थांबावी, असे अमेरिकेचे अर्थसंकल्पी कायदे अनेक वर्षे सांगत आले आहेत. 3 जुलै 2013 रोजी इजिप्तमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवले, तेव्हा ओबामा प्रशासनाने 'हा सत्तापालट आहे किंवा नाही, हे ठरवण्याचे बंधन कायदा आमच्यावर घालत नाही' अशी भूमिका घेतली. वकील म्हणून मला मान्य करावे लागते की ती भूमिका कायद्याच्या शब्दांत बसणारी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कैरोच्या राबा चौकात निदर्शकांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये काही विमाने, हेलिकॉप्टर आणि रणगाड्यांचे भाग रोखण्यात आले, पण तो प्रशासनाचा धोरणात्मक निर्णय होता आणि मार्च 2015 मध्ये प्रशासनानेच तो मागे घेतला. अलीकडच्या वर्षांत 1.3 अब्जांपैकी काही भाग मानवाधिकारांच्या अटींना बांधलेला असतो, पण त्यातल्या बऱ्याचशा अटींना राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने बाजूला सारण्याची मुभा कायद्यातच आहे. बायडन प्रशासनाने सुरुवातीच्या वर्षांत काही रक्कम रोखली आणि सप्टेंबर 2024 मध्ये अटींखालची सगळी रक्कम मोकळी केली.

लेही कायद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. परराष्ट्र खात्याला लागू असलेल्या त्याच्या आवृत्तीत सूट देण्याची तरतूद नाही, आणि ती त्याची खरी ताकद आहे. संबंधित सरकार दोषींना शासन करण्यासाठी परिणामकारक पावले उचलत असेल, तरच मदत पुन्हा सुरू होऊ शकते. मात्र विश्वसनीय माहिती आल्यानंतर किती दिवसांत निर्णय घ्यायचा, याची मुदत त्यात नाही. जानेवारी 2022 मध्ये वेस्ट बँकमध्ये 78 वर्षांच्या एका पॅलेस्टिनी-अमेरिकी गृहस्थाला इस्रायली सैनिकांनी अडवून बांधून ठेवले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या सैनिकांच्या 'नेत्झाह येहुदा' पलटणीविषयीचा निष्कर्ष परराष्ट्र खात्याने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केला. पुरेशी सुधारणा झाली असल्याने पलटण मदतीस पात्र आहे, असा तो होता. निष्कर्ष बरोबर की चूक, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी या अडीच वर्षांत मदत चालूच होती.

आपल्या मांडणीत 502बीच्या (सी) उपकलमाला अवश्य जागा द्या. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कोणत्याही एका सभागृहाने ठराव करून एखाद्या देशाविषयी अहवाल मागितला आणि 30 दिवसांत तो आला नाही, तर मदत आपोआप थांबते. म्हणजे 502बीमध्येही गप्प राहण्याची किंमत सरकारला मोजायला लावणारी एक जागा आहे. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी जानेवारी 2024 मध्ये इस्रायलच्या बाबतीत ती वापरून पाहिली आणि 72 विरुद्ध 11 मतांनी ठराव बाजूला ठेवण्यात आला. इच्छाशक्तीचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे येतो, कारण कायद्याने हत्यार दिले होते आणि सभागृहाने ते उचलले नाही.

मुलुंडकर

काळाघोडा यांचे विवेचन मला पटले, पण त्यातून निघणारा 'गप्प राहिले तर मदत थांबावी' हा नियम सरसकट लावण्याला माझा विरोध आहे. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो, आणि हा विषय शिकवताना नायजेरियाचे उदाहरण मी कधीही वगळले नाही.

एप्रिल 2014 मध्ये चिबोकच्या शाळेतून बोको हराम या दहशतवादी संघटनेने 276 मुलींना पळवून नेले. नायजेरियाच्या सैन्यावर त्याच काळात कैद्यांच्या छळाचे आणि संशयितांना सरसकट ठार केल्याचे गंभीर आरोप होते, त्यामुळे अनेक तुकड्या अमेरिकी मदतीस अपात्र ठरल्या होत्या. जुलै 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारी वॉशिंग्टनला गेले असता त्यांनी जाहीरपणे म्हटले की लेही कायद्याने बोको हरामला मदतच केली आहे. हे विधान मला अतिरेकी वाटते, कारण ज्या सैन्याला गावकरी घाबरतात त्या सैन्याला बंडखोरांविषयी माहिती द्यायला गावात कोणी पुढे येत नाही, आणि दहशतवादाविरुद्धची लढाई तिथेच हरली जाते. तरीही त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. चिबोकसारख्या गावातल्या आईवडिलांच्या दृष्टीने सैन्य कमजोर असणे हेसुद्धा मानवाधिकारांचे उल्लंघन होऊ देणेच आहे. संपूर्ण देशाची मदत एखाद्या अधिकाऱ्याने सही न केल्याने बंद पडावी, असा कायदा त्या आईवडिलांचा विचार करत नाही. म्हणून संपूर्ण देशापेक्षा तुकडी हे एकक मला अधिक न्याय्य वाटते.

नायजेरियाचीच पुढची हकीकत मात्र या कायद्याची दुसरी मर्यादा दाखवते. 17 जानेवारी 2017 रोजी नायजेरियाच्या हवाई दलाने रान येथील विस्थापितांच्या छावणीवर बॉम्ब टाकले, ज्यात शंभराहून अधिक माणसे मेली. नायजेरियाला 12 ए-29 सुपर टुकानो विमाने विकण्याचा प्रस्ताव ओबामा प्रशासनाने त्यानंतर रोखून धरला. ट्रम्प प्रशासनाने तो पुढे नेला आणि 2021 मध्ये विमाने नायजेरियात पोहोचली. लेही कायदा यात आडवा आला नाही, कारण तो मदतीला लागू आहे आणि ही विमाने नायजेरियाने स्वतःच्या पैशाने घेतली होती. जो देश गरीब आहे त्याच्या तुकड्यांची छाननी होते आणि जो रोख पैसे मोजू शकतो त्याची या कायद्याखाली होत नाही, ही विषमता मला फार खटकते.

विक्रीसाठी 1976 चा वेगळा शस्त्रनिर्यात कायदा आहे, पण 1983 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'चड्ढा' खटल्यात विधिमंडळाचा एकतर्फी नकाराधिकार घटनाबाह्य ठरवल्यापासून काँग्रेसला विक्री थांबवायची तर दोन्ही सभागृहांचा ठराव आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते. 2019 मध्ये सौदी अरेबिया आणि अमिरातीला होणाऱ्या विक्रीविरुद्ध दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केले, ट्रम्प यांनी ते फेटाळले, आणि फेटाळणी उलटवण्याएवढे दोन-तृतीयांश मत सिनेटमध्ये जमले नाही.

दादर_पूर्व

मुलुंडकर सर, तुकडी हे एकक न्याय्य आहे, याच्याशी मी सहमत आहे. पण 'तुकडीने उल्लंघन केले' हे सिद्ध कसे होते, ते एका घटनेतून पाहिले तर त्यातल्या अडचणी कळतात. मी कोलंबियाविषयी बरेच वाचले आहे, म्हणून तिथली घटना सांगते.

13 डिसेंबर 1998 रोजी आराउका प्रांतातील सांतो दोमिंगो या वस्तीत स्फोट होऊन 17 गावकरी ठार झाले, त्यांत सहा लहान मुले होती. बंडखोरांचा ट्रक फुटला, असे हवाई दलाने सांगितले. गावकरी मात्र सांगत होते की हेलिकॉप्टरमधून काहीतरी पडताना आम्ही पाहिले. सापडलेले तुकडे शेवटी अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेत गेले आणि ते अमेरिकी बनावटीच्या बॉम्बचे असल्याचे निष्पन्न झाले. ज्या देशाने शस्त्र दिले होते त्याच देशाच्या प्रयोगशाळेने ते ओळखले, आणि तरीही संबंधित हवाई तळाची मदत लेही कायद्याखाली जानेवारी 2003 मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर थांबली. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने कोलंबियाला जबाबदार धरले ते 2012 मध्ये. गावकऱ्यांनी आपले म्हणणे लावून धरले नसते तर 'विश्वसनीय माहिती' कधी तयारच झाली नसती.

दुसरी गोष्ट मुंबईकरांना लवकर उमजेल. बोगोताला लागून असलेल्या सोआचा भागातल्या गरीब घरांतील तरुणांना नोकरीचे आमिष दाखवून शेकडो किलोमीटर दूर नेण्यात आले, तिथे सैनिकांनी त्यांना मारले आणि चकमकीत ठार झालेले बंडखोर म्हणून त्यांची नोंद केली. 2008 मध्ये हे उघडकीस आले. कोलंबियाच्या विशेष शांतता न्यायाधिकरणाने 2021 मध्ये 2002 ते 2008 या काळातील अशा बळींचा आकडा 6,402 असल्याचे सांगितले. याच काळात कोलंबिया हा अमेरिकी लष्करी मदतीचा मोठा लाभार्थी होता आणि तुकड्यांची छाननी नियमितपणे होत होती. छाननीत सैनिकाचे नाव, जन्मतारीख, तुकडी हे सगळे दूतावासातून पाठवले जाते आणि त्याच्याविरुद्ध काही नोंद आहे का, ते पाहिले जाते. पण ठार केलेल्यांच्या आकड्यावर बक्षीस, रजा आणि बढती देणारी व्यवस्थाच गुन्ह्याच्या मुळाशी असेल, तर ती व्यवस्था कोणत्याही एका तुकडीच्या नावावर नोंदलेली नसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 च्या निकालात चकमकींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्या खटल्याचे मूळ नव्वदच्या दशकातील मुंबई पोलिसांच्या चकमकींत आहे. चकमकीनंतर लगेच शौर्यपदक किंवा मुदतपूर्व बढती देऊ नये, आणि तपास दुसऱ्या ठाण्याने किंवा सीआयडीने करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बक्षिसाची ही वाट बंद करण्याचे कलम कोणत्याही परकीय साहाय्य कायद्यात असायला हवे, असे मला कळकळीने वाटते. आपण हा मुद्दा मांडणीत घेतलात तर ऐकणाऱ्यांना विषय परका वाटणार नाही.

विधी_विलेपार्ले

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. सांतो दोमिंगोची माहिती आणि 30 दिवसांच्या तरतुदीचा धागा मांडणीच्या मध्यभागी ठेवेन. आता पुढचा प्रश्न. भारत स्वतः आता शस्त्रे आणि लष्करी साहाय्य देणारा देश झाला आहे. 2024-25 मध्ये आपली संरक्षण निर्यात 23,622 कोटी रुपयांवर गेल्याचे सरकारने सांगितले आहे. आपल्याकडे असा एखादा कायदा आहे का, आणि नसेल तर तो कुठे बसू शकेल?

बॅलार्ड_इस्टेट

मी अनेक वर्षे निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो आहे, तेव्हा कागदावर काय असते तेवढे सांगतो. दुहेरी वापराचा, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणारा माल 'स्कोमेट' या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत येतो आणि त्याचा परवाना साधारणपणे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो. त्याच यादीतल्या सहाव्या प्रवर्गातील, म्हणजे प्रत्यक्ष लष्करी सामग्रीचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. मूळ आधार 1992 चा विदेश व्यापार कायदा. अर्जासोबत अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते: माल कोण वापरणार, कशासाठी वापरणार, आणि परवानगीशिवाय तो पुढे तिसऱ्याला देणार नाही, अशी हमी. वापरकर्त्याची विश्वासार्हता, माल भलत्याच हाती जाण्याची शक्यता, राष्ट्रीय सुरक्षा, परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे आणि आंतरराष्ट्रीय करारांची बंधने यांचा विचार परवाना देताना होतो. वापरकर्ता स्वतःच्या नागरिकांशी कसा वागतो, असा स्वतंत्र रकाना नाही. माझ्या मते तो असायला हवा, आणि एक रकाना वाढवणे हे प्रशासकीयदृष्ट्या अवघड काम नाही, कारण वापरकर्त्याची चौकशी तशीही होतेच.

निर्यातीला संसदेची मंजुरी लागत नाही. 2020 मध्ये आपण आयएनएस सिंधुवीर ही पाणबुडी म्यानमारच्या नौदलाला दिली आणि 1 फेब्रुवारी 2021 रोजी तिथल्या लष्कराने सत्ता हाती घेतली. पाणबुडीने गावे जाळता येत नाहीत, हे खरे आहे, आणि चीनचा प्रभाव रोखण्याचा विचारही त्यामागे होता. पण सत्ता उलथल्यानंतर उरलेल्या व्यवहारांचे काय करायचे, हे ठरवणारा कोणताही नियम संसदेने घालून दिलेला नव्हता.

आंतरराष्ट्रीय बाजूने पाहिले तर 2 एप्रिल 2013 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रव्यापार करार 154 मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. आयात करणाऱ्या देशांवर निर्यातदार देश आपली मनमानी लादतील, ही तेव्हाची आपली हरकत होती. आता आपणही निर्यातदारांच्या बाजूला उभे आहोत, म्हणून त्या भूमिकेचा फेरविचार व्हावा, असे मला वाटते.

काळाघोडा

बॅलार्ड_इस्टेट यांनी दिलेल्या माहितीत न्यायालयाची बाजू जोडतो. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 9 सप्टेंबर 2024 रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण हे न्यायालयाचे क्षेत्र नाही, असे कारण दिले. घटनेच्या अनुच्छेद 73 नुसार संसद ज्या विषयांवर कायदा करू शकते त्या विषयांत केंद्र सरकार कायदा नसतानाही निर्णय घेऊ शकते. म्हणून मर्यादा घालायची तर ती संसदेनेच कायदा करून घालावी लागेल, न्यायालयाकडून ती येण्याची आशा ठेवू नये.

लेही कायद्याची नक्कल करणारा मसुदा मांडण्यापेक्षा छोटी सुरुवात सुचवा, असा माझा सल्ला आहे. परवान्याच्या अर्जात तो रकाना असावा. अनुदानाने किंवा कर्जाने दिलेल्या मदतीइतकाच तो रोख विक्रीलाही लागू असावा, म्हणजे मुलुंडकर सरांनी दाखवलेली विषमता राहणार नाही. आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने एखाद्या ग्राहकाविषयी अहवाल मागितल्यावर ठरावीक मुदतीत तो आला नाही, तर तेवढा एक परवाना स्थगित व्हावा. सगळ्या देशाची मदत बंद न करता गप्प राहण्याची किंमत सरकारवर टाकण्याचा हा मध्यम मार्ग आहे.

एका आक्षेपाची तयारी मात्र आधीच करून जा. आपल्या 1993 च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याचे कलम 19 सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारींत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला स्वतः चौकशी करू देत नाही. आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवू शकतो आणि शिफारस करू शकतो, एवढेच. दुसऱ्या देशाच्या तुकडीविषयी 'विश्वसनीय माहिती' मागणाऱ्या भारताला समोरचा देश हेच कलम दाखवेल, आणि त्याचे म्हणणे रास्त असेल. आपल्या मसुद्यात कलम 19 ची दुरुस्तीही सुचवली नसेल, तर अभ्यासमंडळातला पहिला प्रश्न त्यावरच येईल.